उस्मानियाचा धडा आणि आपली मराठी

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



विज्ञानात आणि उच्च शिक्षणात इंग्रजीचं जे वर्चस्व आहे, त्यावर बोला, असं कार्यवाहांनी सुचवलं आणि लगेच पुढे म्हणाले, "पण सर, रडगाणं नको." त्यांची भीती रास्त होती. या विषयावरची आपली बहुतेक भाषणं 'मराठीचं काय होणार' इथे सुरू होतात आणि तिथेच संपतात. व्याख्यान झालं की आपण चहा घेतो, आणि घरी जाऊन नातवाला म्हणतो, "से थँक यू टू आजोबा." मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं, तेही इंग्रजीतून. त्यामुळे इंग्रजीच्या नावाने बोटं मोडण्याचा अधिकार मला नाही आणि इच्छाही नाही. आज एवढंच तपासायचं आहे की हे वर्चस्व आलं कुठून, ते अटळ आहे का, आणि आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर चार-चार पिढ्या राहिलेल्या लोकांना त्यात काही करता येण्याजोगं आहे का.

आपल्या घरांत एक वाक्य नेहमी ऐकू येतं. "मराठीत कथा-कविता ठीक आहेत हो, पण मेडिकल, इंजिनिअरिंग? ते भारतीय भाषेत शक्यच नाही." पुण्या-मुंबईत कुणी असं म्हटलं तर मी समजू शकतो. हैदराबादेत राहून असं म्हणणं मात्र अवघड आहे, कारण ते शक्य आहे हे ज्या शहराने प्रत्यक्ष करून दाखवलं, त्याच शहरात आपण बसलो आहोत.

१९१७ साली अकबर हैदरी यांनी निजाम सरकारपुढे एक टिपण ठेवलं. परक्या भाषेतून शिकताना विद्यार्थ्याची निम्मी शक्ती भाषेवरच खर्च होते, म्हणून राज्यात देशी भाषेतून शिकवणारं विद्यापीठ असावं, असा त्याचा आशय होता. १९१८ मध्ये फर्मान निघालं आणि पुढच्या वर्षी वर्ग सुरू झाले. विद्यापीठाच्या आधीच भाषांतराचं खातं उघडलं होतं, 'दारुल तर्जुमा'. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आधी पुस्तकं, मग वर्ग. मौलवी अब्दुल हक त्याचे पहिले प्रमुख. 'उमराव जान अदा' ही कादंबरी लिहिणारे मिर्झा हादी रुसवा याच खात्यात काम करत होते. जोश मलीहाबादींनीही तिथे काही वर्षं काढली. म्हणजे भाषेतले कसबी लोक आणि विषयातले जाणकार एका टेबलाशी बसवले गेले. गणित, भौतिकी, रसायन, वैद्यक, स्थापत्य, कायदा, इतिहास अशा विषयांवरचे शेकडो ग्रंथ उर्दूत आले. वैद्यकीय महाविद्यालय उर्दूतून चाललं. १९२९ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं, तेही उर्दूतून. इंग्रजी हा विषय मात्र सर्वांना सक्तीचा होता, कारण जगाशी संबंध तोडायचा विचार कुणाच्याच मनात नव्हता. रवींद्रनाथ ठाकुरांनी या कल्पनेचं मनापासून स्वागत केलं होतं.

शब्द कुठून आणले? इथे जो वाद झाला तो आपल्याला फार ओळखीचा वाटेल. एक पक्ष म्हणाला, अरबी धातूंपासून शब्द घडवा, ते शुद्ध आणि भारदस्त होतील. वहीदुद्दीन सलीम यांनी परिभाषा कशी घडवावी यावर एक पूर्ण पुस्तकच लिहिलं आणि सांगितलं की उर्दू ही आर्यकुळातली भाषा आहे. उपसर्ग, प्रत्यय, समास ही तिची स्वतःची हत्यारं आहेत, ती वापरा. आपल्याकडे अरबीच्या जागी संस्कृत ठेवा, वाद तोच. त्रिकोणाला 'मुसल्लस', कोनाला 'ज़ाविया', वनस्पतिशास्त्राला 'नबातियात' हे शब्द आज आपल्याला जड वाटतात. पण आपल्यापैकी कितीतरी घरांत आजोबा, पणजोबा हेच शब्द घोकून परीक्षा पास झाले. मराठवाड्यातून आलेल्या जुन्या घरांच्या कपाटात उर्दूतली प्रमाणपत्रं, खरेदीखतं आजही निघतात. भूमितीचा सिद्धांत त्यांना मुसल्लसमधूनही कळला.

आणि शिक्षणाचा दर्जा? या विद्यापीठात शिकलेले रझिउद्दीन सिद्दिकी केंब्रिजला गेले, तिथून जर्मनीत लाइपझिगला गेले आणि हायझेनबर्ग यांच्याकडे त्यांनी काम केलं. क्वांटम सिद्धांताचा जन्म ज्या खोल्यांमध्ये होत होता, तिथे उर्दूतून गणित शिकलेला हैदराबादचा तरुण बसू शकला. भाषेची पात्रता यापेक्षा वेगळी काय सिद्ध करायची?

मग १९४८ नंतर थोड्याच काळात हा सगळा डोलारा का कोसळला? विद्यापीठ राहिलं, त्याची कला महाविद्यालयाची देखणी इमारत राहिली, माध्यम मात्र इंग्रजी झालं. राजवट बदलली हे उत्तर खरं आहे, पण पुरेसं नाही. ज्या गोष्टीची मुळं लोकांत रुजलेली असतात ती राजवट बदलली म्हणून दोन-तीन वर्षांत उखडली जात नाही.

पायाकडे बघितलं तर कारण दिसतं. निजामाच्या राज्यात साधारण निम्मे लोक तेलुगू बोलणारे, चौथा हिस्सा आपण मराठी, त्याखालोखाल कन्नड. उर्दू मातृभाषा असलेले दहांतले एक. परभणीच्या किंवा बीडच्या शेतकऱ्याच्या मुलाला इंग्रजी जितकी परकी, जवळपास तितकीच उर्दू परकी. 'मातृभाषेतून शिक्षण' हे तत्त्व ज्या विद्यापीठाने जगाला दाखवलं, त्यात आपली मराठी केवळ एक विषय म्हणून होती. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्यासारख्या मंडळींना विवेकवर्धिनी उभारावी लागली. गुलबर्ग्याचं नूतन विद्यालय, औरंगाबादचं सरस्वती भुवन, अंबाजोगाईचं योगेश्वरी, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, ही सगळी झाडं त्याच दुष्काळात लावलेली. उस्मानियाचं शिखर उंच होतं, पण खालच्या पायऱ्या बहुसंख्य मुलांच्या घरापर्यंत येत नव्हत्या.

दुसरं कारण वरच्या टोकाला होतं. पदवी घेऊन बाहेर पडलेल्याला राज्याबाहेर नोकरी हवी असेल, पुढचं संशोधन करायचं असेल, तर इंग्रजी लागायचीच. याच शहरात निजाम कॉलेज होतं. ते मद्रास विद्यापीठाला जोडलेलं आणि इंग्रजीतून शिकवणारं. ज्यांना परवडायचं आणि ज्यांचा तिथे वशिला लागायचा, ते तिकडे जायचे. राज्यातल्याच वरिष्ठांच्या मनात दोन भाषांचे दोन दर्जे होते, आणि विद्यार्थ्यांना ते बरोबर कळतं.

हेच दुखणं मराठीच्याही वाट्याला आलेलं आहे, आणि उस्मानियाच्या फार आधी. १८४०च्या दशकाच्या शेवटी मुंबईच्या शिक्षण मंडळात मोठा वाद झाला. अध्यक्ष अर्स्किन पेरी म्हणत होते, वरचं शिक्षण इंग्रजीतूनच द्यावं. जगन्नाथ शंकरशेट आणि त्यांच्या बाजूने कर्नल जर्व्हिस म्हणत होते, लोकांना ज्ञान द्यायचं तर लोकांच्या भाषेतून द्या. जर्व्हिस हवेत बोलत नव्हते, त्यांनी त्याआधीच गणिताची पुस्तकं मराठीत करवून घेतलेली होती. पुढे ग्रँट मेडिकल कॉलेजात मराठी आणि गुजराती वर्ग सुरू झाले. डॉ. सखाराम अर्जुन यांनी मराठी विद्यार्थ्यांसाठी वैद्यकाचं पुस्तक लिहिलं. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी मराठीतून शरीरशास्त्र, औषधशास्त्र शिकवलं जात होतं. पण मराठीतून शिकलेल्याला मिळायची ती दुय्यम दर्जाची जागा, आणि इंग्रजीतून शिकलेला व्हायचा खरा डॉक्टर. ज्या दारातून आत गेल्यावर खालच्या पंगतीतच बसावं लागतं, त्या दारातून हुशार मुलगा कशाला जाईल?

१९१६ साली महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं, तेही मातृभाषेच्या माध्यमातून आणि इंग्रजी सक्तीचा विषय ठेवून. उस्मानियाच्या दोन वर्षं आधी. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून त्यांना ही कल्पना सुचली होती. पण त्या पदव्यांना सरकारदरबारी मान्यता मिळायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं.

कर्व्यांना ज्या देशाने प्रेरणा दिली, त्या जपानकडे आता वळू. १७७४ साली सुगिता गेनपाकू आणि त्यांच्या मित्रांनी एका डच शरीरशास्त्राच्या ग्रंथाचं भाषांतर प्रसिद्ध केलं. मज्जातंतूसाठी त्यांच्या भाषेत शब्द नव्हता, तो त्यांनी घडवला, आणि आजही जपानी डॉक्टर तोच वापरतात. एकोणिसाव्या शतकात टोकियोचं विद्यापीठ निघालं, तेव्हा तिथे परदेशी प्राध्यापक परकीय भाषेतूनच शिकवत होते. मग एका पिढीत जपानी शिक्षक तयार केले गेले आणि वर्ग जपानीत आले. २००८ साली तोशिहिदे मासुकावा यांना भौतिकीचं नोबेल मिळालं. स्टॉकहोमला त्यांनी आपलं भाषण जपानीतून केलं. इंग्रजी बोलता येत नाही, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. मात्र ज्या शोधाला नोबेल मिळालं, तो कोबायाशी आणि त्यांचा १९७३चा निबंध जपानमधल्या नियतकालिकात, पण इंग्रजीतच छापलेला होता. विचार जपानीत झाला, वाद जपानीत झाले, आणि जगाला कळवायची वेळ आली तेव्हा इंग्रजी वापरली. इंग्रजीचं खरं काम एवढंच आहे. तिचं वर्चस्व तिथून खाली उतरून पहिलीच्या वर्गापर्यंत यायचं काही कारण नाही.

आणि हे वर्चस्वही काही सृष्टीच्या आरंभापासून चालत आलेलं नाही. आइन्स्टाइनचे १९०५चे निबंध जर्मनमध्ये आहेत. सत्येंद्रनाथ बोसांनी १९२४ साली आपला निबंध आइन्स्टाइनला पाठवला तो इंग्रजीत, आणि आइन्स्टाइनने त्याचं जर्मन भाषांतर करून जर्मन नियतकालिकात छापून आणलं. त्याआधी बोस आणि मेघनाद साहा यांनी सापेक्षतेवरचे मूळ जर्मन निबंध इंग्रजीत आणले होते. आमच्या रसायनशास्त्रात तर जर्मन येत नसेल तर संशोधक अर्धा आंधळा, अशी माझ्या गुरूंच्या पिढीची समजूत होती. बाइलस्टाइन नावाचा सेंद्रिय संयुगांचा महाकोश जर्मनमध्ये होता. तो इंग्रजीत निघू लागला १९८०च्या दशकात. हे का बदललं? दोन महायुद्धं झाली. हिटलरने आपलेच उत्तम शास्त्रज्ञ देशाबाहेर घालवले. पैसा, प्रयोगशाळा आणि माणसं अमेरिकेत जमली. जर्मन भाषेचं व्याकरण १९३३ साली जितकं समर्थ होतं, तितकंच १९५० साली होतं. बोसांनी मात्र १९४८ साली बंगालीतून विज्ञान सांगण्यासाठी परिषद काढली आणि मासिक सुरू केलं. ज्याचं नाव जगाने मूलकणांच्या एका अख्ख्या जातीला दिलं, त्या माणसाला आपल्या भाषेत विज्ञान बोलणं कमीपणाचं वाटलं नाही.

आता आजच्या मराठीकडे येतो. स्वातंत्र्यानंतर आपण काही केलंच नाही, असं नाही. कोठारी आयोगाने प्रादेशिक भाषांतून उच्च शिक्षण द्या, असं सांगितलं. महाराष्ट्रात परिभाषाकोश झाले, विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ झालं. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत विश्वकोश उभा केला. शब्दांची चणचण आज आपल्याला नाही. इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र मराठीतून पदवीपर्यंत शिकता येतं. विज्ञानाचं काय? दहावीपर्यंत मराठीत, आणि अकरावीच्या पहिल्या दिवशी एकदम इंग्रजीत. मधे एकही पायरी नाही. मुलांचे हाल होतात म्हणून उपाय काढला तो 'सेमी-इंग्लिश'चा. म्हणजे मराठी शाळेतसुद्धा गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. वरची पायरी बांधता येईना, म्हणून खालचीही काढून टाकली.

आपल्या शेजाऱ्याकडे बघा. तेलुगू अकादमी इथे १९६८ साली निघाली. इंटरमीजिएटची भौतिकी, रसायन, गणिताची पुस्तकं तेलुगूत आहेत. एमसेटची प्रश्नपत्रिका इंग्रजीबरोबर तेलुगूतही यायची, उर्दूतही. त्या माध्यमात जाणारी मुलं कमी होत असली, तरी त्यांना दोन वर्षांचा एक जास्तीचा कठडा मिळाला. मराठी मुलाला तोही नाही. हल्ली जेईई, नीटच्या प्रश्नपत्रिका मराठीत मिळतात. २०२१ पासून भारतीय भाषांत अभियांत्रिकी शिकवायला परवानगी मिळाली आहे. मध्य प्रदेशात २०२२ मध्ये एमबीबीएसची हिंदी पुस्तकं आली. चांगलं आहे. पण अकरावी-बारावी ज्याने इंग्रजीत काढली, तो परीक्षेला मराठी प्रश्नपत्रिका कशाला निवडेल?

पुस्तकं घाईने काढली की काय होतं, याचा एक नमुना माझ्या विषयातला सांगतो. मराठी शाळेतल्या पुस्तकात 'क्षार' म्हणजे सॉल्ट. हिंदी पुस्तकात 'क्षार' म्हणजे अल्कली, आणि सॉल्टला 'लवण'. लिपी एक, शब्द एक, अर्थ जवळपास उलटा. मराठी मुलाने हिंदी पुस्तक हाती घेतलं तर आम्लात क्षार घातल्यावर काय होतं, याचं उत्तर चुकणारच. देशी भाषा एकमेकींशी बोलत नाहीत, म्हणून भांडण सोडवायला मध्यस्थ लागतो, आणि तो मध्यस्थ म्हणजे इंग्रजी.

मी शिकवत असताना एकदा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्गात मराठवाड्यातल्या एका खेड्यातून आलेला मुलगा होता. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक इंग्रजीत विचारत होते आणि हा गप्प. परीक्षकांनी शून्य लिहायला पेन उचललं. मी त्यांची परवानगी घेऊन मराठीत विचारलं, "आम्ल संपलं हे तुला कशावरून कळलं?" तो म्हणाला, "सर, गुलाबी रंग येतो नि हलवला की जातो, तोवर आम्ल शिल्लक आहे. ज्या थेंबानंतर रंग जात नाही, तो थेंब जास्तीचा. म्हणून आधीचं वाचन आणि हे वाचन यांच्या मधे खरं उत्तर आहे." मंडळी, मोजमापातली चूक कुठे लपलेली असते, हे त्याला न शिकवता समजलं होतं. चांगल्या इंग्रजी शाळेतून आलेली मुलं 'एंड पॉइंट'ची व्याख्या धडाधड म्हणून दाखवत होती आणि फ्लास्कमध्ये गडद गुलाबी द्रावण घेऊन उभी होती. प्रात्यक्षिकात या मुलाला उत्तम गुण मिळाले. लेखी परीक्षेत दोन पेपर राहिले. दुसऱ्या वर्षी तो आलाच नाही. पुढे कळलं, तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र चालवतो आणि फवारणीचं प्रमाण लोक त्यालाच विचारतात. त्याचं बरं चाललं आहे. पण रसायनशास्त्राने एक माणूस गमावला. आणि असे किती गमावले, हे कुठल्याही निकालपत्रात दिसत नाही.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे. "ज्यांनी इंग्रजीच्या जोरावर बंगले बांधले, ते आता गरिबांच्या मुलांना मराठीतून शिका म्हणतात." हा आक्षेप मला मान्य आहे. ज्यांना शतकानुशतकं विद्येपासून दूर ठेवलं गेलं, त्यांच्यासाठी इंग्रजी हे सुटकेचं दार ठरलं. सावित्रीबाईंनी इंग्रजी शिकायचं आवाहन केलं ते काही उगाच नाही. म्हणून मी इंग्रजी सोडा असं म्हणणार नाही. गावच्या मुलाला उत्तम इंग्रजी शिकवा, भाषा म्हणून, चांगल्या शिक्षकाकडून, लहानपणापासून. पण तोवर त्याचं विज्ञान थांबवून ठेवू नका. ज्या वयात प्रश्न पडतात, त्या वयात ते विचारायला भाषा हवी. इंग्रजी येईपर्यंत प्रश्न मागे ठेवले, तर इंग्रजी येते तेव्हा प्रश्न उरलेले नसतात. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी वरच्या शिक्षणाआधी खालच्या, बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाकडे बघा, असं सांगितलं होतं. उस्मानियाने वरून बांधायला घेतलं आणि त्याची किंमत मोजली.

आता आपल्याकडे वळू. आपण महाराष्ट्राबाहेर आहोत, अकरावीचा अभ्यासक्रम ठरवणं आपल्या हातात नाही. आपल्या हातात आपलं घर आहे, हे मंडळ आहे.

आपल्या मुलांची मराठी ऐका. आरती पाठ आहे, अथर्वशीर्ष येतं, "आई, भूक लागली" येतं. पण त्याला विचारा, लस कशी काम करते? ग्रहण का लागतं? बँकेचं व्याज कसं वाढतं? तो लगेच इंग्रजीत शिरतो. सात-आठ वर्षांच्या मुलाला आई-बापांशी बोलण्यापुरती मराठी असते आणि पंधरा वर्षांचा झाला तरी तो तेवढ्यावरच असतो. कारण त्याच्या वाढत्या डोक्यातलं काहीच त्या भाषेत बोललं जात नाही. चूल आणि देवघर, एवढ्याच दोन खोल्यांत जी भाषा राहते, तिच्यात मोठी माणसं फार दिवस राहत नाहीत. मला परिभाषाकोशापेक्षा याची काळजी जास्त वाटते. ज्या गणपतीला आपण विद्येची देवता म्हणतो, ज्याला अथर्वशीर्षात ज्ञान आणि विज्ञान दोन्हींचं रूप म्हटलं आहे, त्याच्या मांडवात दहा दिवसांत विज्ञानाचं एकही मराठी वाक्य उच्चारलं जात नाही, हे बरं दिसत नाही.

माझ्या दोन सूचना आहेत. पहिली अशी की पुढच्या वर्षी दहांतली एक संध्याकाळ मुलांना द्यावी. आठवी ते बारावीतल्या कुणीही यावं, विज्ञानातली एक गोष्ट दहा मिनिटं मराठीतून सांगावी, आणि मोठ्यांनी प्रश्न विचारावेत. शब्दांची सोवळंओवळं पाळू नका. ऑक्सिजन म्हणा, प्राणवायू म्हणा, एन्झाइम म्हणा. नावं कुठूनही येऊ द्या. 'कारण', 'म्हणून', 'जर-तर', 'तरीही' हे मात्र मराठीत असू द्या. विचार या शब्दांतून चालतो. मुलं अडखळतील. टाळ्या पाठांतराला वाजवू नका, चांगल्या प्रश्नाला वाजवा.

दुसरी सूचना जरा मेहनतीची आहे. नांदेड, परभणी, लातूर, हिंगोलीकडून दर वर्षी मुलं या शहरात शिकायला येतात. आपल्यात निवृत्त प्राध्यापक आहेत, डॉक्टर आहेत, आयडीपीएल आणि बीएचईएलमध्ये आयुष्य घालवलेले अभियंते आहेत. मंडळाचं सभागृह रविवारी सकाळी रिकामंच असतं. तिथे एक टेबल मांडू. मुलाने आपलं इंग्रजी पुस्तक घेऊन यावं, आपण त्याला तो धडा मराठीत समजावून द्यावा, आणि मग त्यानेच उत्तर इंग्रजीत लिहावं. शाळेने जी पायरी बांधली नाही, ती आठवड्यातून दोन तास आपण होऊ. फी नाही, जाहिरात नाही. दोन-तीन मुलं आली तरी चालतील. मी स्वतः रसायनशास्त्राच्या बाजूने बसेन. गणितासाठी आणि भौतिकीसाठी प्रत्येकी एक माणूस हवा आहे. कार्यवाहांच्या टेबलावर वही ठेवली आहे, जाताना नाव लिहून जा.

गणपती बाप्पा मोरया.